काकूंना विचारून पाहिलेले प्रश्न

प्रश्नमंजूषेचा एक तोटा आहे. प्रश्न तयार करायला आठवडा जातो आणि स्टेजवर तो अर्ध्या मिनिटात संपतो. कुणीतरी बझर दाबतं, बरोबर किंवा चूक काहीतरी बोलतं, टाळ्या पडतात, पुढचा प्रश्न. तो आधीचा पुढे कुठे जातो, देव जाणे. आमच्याकडे उरतात ती तो प्रश्न तयार करताना झालेली भांडणं. ती जात नाहीत. चारजण जमलो की कुणीतरी म्हणतं, "ते बटाट्याचं आठवतंय का?" आणि चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागतो.

चारजण म्हणजे साठे सर, वानखेडे, छाया आणि मी. पुण्यातल्या सोसायट्यांची दरवर्षी दिवाळीच्या आधी एक स्पर्धा असते, आपल्या देशाचा इतिहास आणि संस्कृती या विषयावर. बक्षीस एक ढाल आणि चिवड्याचा डबा. ढालीसाठी कुणी फार जीव टाकत नाही, चिवड्यासाठी मात्र बिबवेवाडीच्या दोन सोसायट्या वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. या स्पर्धेचे प्रश्न आम्ही काढतो. साठे सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक आणि स्टेजवर प्रश्न विचारणारे. वानखेडे अमरावतीचा, खराडीत सॉफ्टवेअरमध्ये. छाया खराडीचीच, तिथे शेतं होती तेव्हापासूनची. आता तिचं बांगड्यांचं दुकान आहे. मी गणिताच्या शिकवण्या घेते. माझं काम प्रश्नातले जास्तीचे शब्द कापायचं. सर मला 'कात्री' म्हणतात आणि मी ते कौतुक म्हणून घेते, कारण दुसरा इलाज नाही.

रविवारी सकाळी आम्ही शनिवार पेठेत सरांच्या फ्लॅटवर जमतो. तिथेच पाचवी व्यक्ती असते, जिचं नाव कुठल्याही पत्रिकेत छापून येत नाही. सरांच्या सौभाग्यवती, सुमनकाकू.

* * *

काकू पोस्टातून निवृत्त झाल्या. त्या आमच्यात बसत नाहीत. स्वयंपाकघरात असतात. पण काढलेला प्रत्येक प्रश्न सर तिथे जाऊन त्यांना विचारून येतात. उत्तर आलं नाही तर सर सांगतात, आणि मग काकू जे म्हणतात त्यावर प्रश्नाचं भवितव्य ठरतं.

काकू तीनच गोष्टी म्हणतात. "बरं मग?" म्हणजे प्रश्न केराच्या टोपलीत. "असं होय" म्हणजे माहिती चांगली आहे, पण हा प्रश्न नव्हे. आणि "अगंबाई, हो की!" म्हणजे पास. हे शेवटचं फार क्वचित येतं. उत्तर आपल्याला येत होतं, डोळ्यासमोर होतं, तरी सुचलं नाही, असं वाटलं तरच काकूंच्या तोंडून ते निघतं. चांगल्या प्रश्नाची याहून सोपी व्याख्या मी कुठे ऐकलेली नाही.

वानखेडे पहिल्यांदा आला तेव्हा उत्साहात कुठल्याशा नदीची लांबी घेऊन आला होता. आपणच विचारतो म्हणून आत गेला. काकू भाजी निवडत होत्या. लांबी ऐकून त्यांनी विचारलं, "बरं मग? मोजायला जायचंय का?"

त्यानंतर वानखेडेने आकडे असलेला प्रश्न आणलेला नाही.

* * *

आता ते बटाट्याचं. सरांचा एक कायदा असा की प्रश्नाला उत्तर एकच हवं. दोन उत्तरं निघाली तर हॉलमध्ये दंगल होते आणि आयोजक आपल्याकडे बघतात. वानखेडेने एकदा सुंदर प्रश्न काढला. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या, जमिनीखाली वाढणाऱ्या कुठल्या भाजीला मराठी माणूस अजून त्यांच्याच शब्दाने हाक मारतो? उत्तर, बटाटा. आम्ही खूष. काकू "अगंबाई, हो की!" म्हणाल्या.

वानखेडेने तो ऑफिसात लंचच्या टेबलावर विचारून पाहिला. टेबलावर सगळे वर्धा, यवतमाळ, अकोल्याचे. ते म्हणाले, आम्ही तर आलू म्हणतो. मग आम्ही मराठी नाही का? वानखेडे रविवारी ती तक्रार घेऊन आला आणि चेहरा असा, की तो स्वतःच पूर्व महाराष्ट्राचा वकील!

सर म्हणाले, "प्रमाण मराठीत बटाटा."

"प्रमाण मराठीची भाजी काहून खायची जी? आम्ही आलूची खातो न."

सरांनी कागदावर काट मारली. प्रश्न रद्द. छायाने शांतपणे विचारलं, "पण मग पुण्यात बटाटेवडा खाताना तुम्ही काय मागता?"

वानखेडे चहाचे कप गोळा करायला उठला.

* * *

कधीकधी प्रश्न चांगला असतो, पण उत्तर त्याहून चांगलं येतं. सारनाथच्या स्तंभावर सिंह किती, हा असाच एक. उत्तर चार. पण नाण्यावर तीनच दिसतात, त्यामुळे भलेभले फसतात. स्टेजवर सदाशिव पेठेतल्या एका टीमचे आजोबा होते. त्यांनी बझर दाबला, खिशातून नाणं काढलं, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, तीन.

सर म्हणाले, "चूक. चार."

आजोबांनी पुन्हा नाणं बघितलं. "सरकारी आहे ना? मग चौथा जागेवर नसणारच."

सरांनी गुण दिले नाहीत. पण ते स्टेजवरून उतरताना हसत होते, हे आम्ही तिघांनी पाहिलं.

* * *

गेल्या वर्षी मात्र गंमत अंगाशी आली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सरांनी एक प्रश्न काढला होता. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, उपासाच्या खिचडीतल्या या चौघांमध्ये समान काय? उत्तर असं की चौघंही समुद्रापलीकडून आलेले, मूळचं इथलं कुणीच नाही. नेमकी त्या दिवशी चतुर्थी होती आणि काकूंच्या पुढ्यात खिचडीची बशी होती. उत्तर ऐकून चमचा हवेत थांबला. मग त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी देवाला फॉरेनचा माल दाखवतेय होय!"

झकास वाक्य! पण ते काकूंनी घरात म्हटलं होतं. सरांनी ते स्टेजवर सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, काकूंचा आवाज काढून, हवेत चमचा धरून करून दाखवलं. हॉल खदाखदा हसला. काकू तिसऱ्या रांगेत होत्या, चांगली साडी नेसून, शेजारी पोस्टातल्या दोन मैत्रिणी. मी त्यांच्याकडे पाहिलं. मैत्रिणी हसत होत्या, काकू नाही. बक्षीस समारंभ व्हायच्या आत त्या रिक्षाने घरी गेल्या होत्या.

सर पोचले तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, की घरातलं घरात ठेवायचं असतं, हे इतिहासाच्या मास्तरांना कळायला हवं होतं. आणि इथून पुढे मला प्रश्न विचारायचे नाहीत.

भांडण वगैरे काही नाही. चहा मिळतो, डबा मिळतो, लाइटचं बिल, डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळं बोलणं होतं. फक्त प्रश्न आला की काकूंना ऐकू येत नाही.

* * *

सरांनी उपाय करून पाहिले. एका रविवारी त्यांनी मला बाहेरच्या खोलीतूनच प्रश्न विचारला, पण इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरून उत्तर आलं. काकूंकडून नाही. मग वानखेडे आला नाही त्या रविवारी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याला फोन लावला आणि प्रश्न वाचायला सुरुवात केली. आतून मिक्सर सुरू झाला. प्रश्न संपला तसा मिक्सर थांबला. सरांनी पुन्हा वाचला, मिक्सर पुन्हा सुरू. नंतर मी पाणी प्यायला आत गेले तर मिक्सरच्या भांड्यात काहीच नव्हतं.

आम्ही बाहेर विचारून पाहायला लागलो. वानखेडेच्या ऑफिसातली मुलं प्रश्न अर्धा होण्याआधी गूगल करतात. माझ्या शिकवणीतल्या मुली "ऑप्शन्स काय आहेत?" विचारतात. छायाने गिऱ्हाइकांना विचारलं, तर एका बाईंना वाटलं की बरोबर उत्तराला बांगड्यांवर सूट आहे, आणि त्या उत्तर न देताच सूट मागत राहिल्या. सगळीकडून "असं होय". यंदाचे प्रश्न आमचे आम्हालाच पांचट वाटायला लागले.

सर खचले होते. एवढी वर्षं त्यांनी हॉलभर लोकांना प्रश्न विचारले खरे, पण विचारायचे ते एकाच माणसाला, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांनाही बहुतेक तेव्हाच कळलं. स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा ते म्हणाले, "हिने एकही प्रश्न ऐकला नाही तर मी यंदा स्टेजवर उभा राहणार नाही. तुमच्यापैकी कुणीतरी विचारा." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणीच हो म्हटलं नाही.

* * *

शेवटचा रविवार. बारा वाजत आलेले, प्रश्न एकही धड नाही. छाया उशिरा आली, घामाघूम. सणाचे दिवस, त्यामुळे रविवारीही दुकान उघडलं होतं.

"दुकान वाढवून आले, म्हणून उशीर झाला. गर्दी लई हाय."

वानखेडे म्हणाला, "अरे वा, अभिनंदन. शेजारचा गाळा पण घेतला काय?"

छायाने कपाळावर हात मारला. मी हसायला लागले. सर मात्र हसले नाहीत. ते उठून उभे राहिले. त्यांनी एकदा खिडकीपर्यंत चक्कर मारली आणि परत आले. मग हळूहळू म्हणाले, बांगडी फुटते, नारळ फोडतात, दुकान बंद करतात. पण मराठी माणूस यातलं काही तोंडाने म्हणत नाही. फुटणं, फोडणं, बंद होणं, अभद्र वाटतं त्याला. म्हणून बांगडी वाढते, नारळ वाढवतात, दुकान वाढवतात. तिन्हीकडे शब्द एकच. मोडतंय तिथे वाढतंय म्हणायचं!

मी ते वहीत उतरवून घेतलं. आकडा नाही, उत्तर एकच, आणि ते प्रत्येकाच्या घरात. वानखेडेने त्यातही खोड काढायला घरी फोन लावला, पण अमरावतीतही तिन्हींचं तसंच निघालं, फक्त त्यालाच ठाऊक नव्हतं. मी कात्री चालवायला गेले तर कापायला काही नव्हतं.

"आता?" छायाने विचारलं आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आतून कुकरची शिट्टी झाली. सरांनी शर्टाची वरची गुंडी लावली, हे मी मुद्दाम सांगते. बायकोकडे जाताना नवरा गुंडी लावतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते दारापर्यंत गेले. आत गेले नाहीत. उंबऱ्याशीच थांबले.

"सुमन," ते म्हणाले, "स्टेजवर तुझी नक्कल करायला नको होती. माझं चुकलं."

आत नळ बंद झाला. भांडीही थांबली.

"एकच विचारतो. ऐकायचं नसेल तर मिक्सर लाव."

मिक्सर लागला नाही. सरांनी घसा साफ केला आणि प्रश्न विचारला. स्टेजवरचा आवाज नव्हता तो, रोजचा होता. "बांगडी फुटली, नारळ फोडला, दुकान बंद केलं, तरी आपण तसं म्हणत नाही. तिन्ही वेळा एकच शब्द वापरतो. कोणता?"

आम्ही तिघं इकडे, माना दाराकडे. वानखेडेचा हात बझरवर असल्यासारखा गुडघ्यावर ठेवलेला. आत ताट ठेवल्याचा आवाज आला, मग दुसरं, तिसरं. मग काकूंचा आवाज आला.

"वाढलंय. बसा."

वानखेडे माझ्याकडे बघायला लागला, मी छायाकडे. सर जिथे होते तिथेच उभे. आयुष्यभर त्यांनी कुठल्याही उत्तराला एका सेकंदात बरोबर किंवा चूक म्हटलं होतं.

"सुमन," त्यांनी अगदी हळू विचारलं, "हे उत्तर समजायचं का?"

काकू पळी हातात घेऊन दारात आल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग त्यांच्या गळ्याशी लावलेल्या गुंडीकडे पाहिलं.

"पुढचा काय असेल तो जेवताना विचारा. आमटी गार होतेय."