फाटकाबाहेरचा कोहेन

जर्मनीतल्या एर्फुर्टचं जुनं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनाघर, बघायला आलेल्या पाहुण्यांना नौम कागान सगळं हौसेने दाखवी. दगडी भिंती, नदीकाठचं शुद्धिस्नानाचं कुंड, सगळं. पण यहुद्यांचं कबरस्तान आलं की स्वारी फाटकाशी थांबे. तो कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला. मृतांच्या आवारात पाऊल टाकणं त्याला वर्ज्य. सख्ख्या माणसाच्या दफनापुरती मुभा, पुढे नाही. त्यामुळे मुलाला, ल्योवाला, मातीआड करून तो बाहेर पडला तो पडलाच. नंतर कबरीवर बसवलेला दगड त्याने पाहिलाच नव्हता.

"तरुणपणी तिकडे ओडेसात डुकराची चरबी पावाला फासून खायचास," त्याची बायको फिरा टोमणा मारी, "आणि आता म्हातारपणी सोवळं सुचलंय!"

बापाकडून नौमला तेवढीच एक गोष्ट मिळाली होती. तीही सोडायची म्हणजे उरलं काय?

त्या शुक्रवारी नौमला फाटकाशी ठेवून फिरा नेहमीसारखी एकटीच कबरस्तानात गेली. सूर्यास्ताला शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होण्याआधी घर गाठायचं होतं, पण तिचा पत्ताच नव्हता. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. कुणाला आत पाठवावं तर रस्त्यावर चिटपाखरूही नाही. रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाताला तिची हृदयाच्या गोळ्यांची डबी लागली. नौम फाटकाचे गज धरून ओरडू लागला.

"फिरा! अगं फिरा!"

उत्तर नाही. जीव वाचवायचा असेल तर सगळे नियम बाजूला, हे त्याला माहीत होतं. पण ती नुसतीच मुलाशी बोलत बसली असेल तर? आणि नसेल तर? बायको तिकडे शेवटच्या घटका मोजत असेल आणि आपण इथे सोवळ्याचा काथ्याकूट करतोय! त्याला स्वतःचीच किळस आली. तो आत घुसला.

दफनाच्या दिवशीची वाट आठवत होती, पण मधल्या काळात किती दगड उभे राहिले होते. तो धापा टाकत, ठेचकाळत एकेक नाव वाचत सुटला.

फिरा एका दगडाला टेकून बसली होती, डोळे मिटून. नौम किंचाळला.

तिने डोळे उघडले. "केवढ्याने ओरडतोस! झोपलेत ना सगळे."

"गोळी घे आधी!"

"सकाळीच घेतलीय."

"मग ओ का नाही दिलीस? जीव गेला असता माझा!"

"ओ दिली असती तर आला असतास?"

ती बाजूला सरकली. दगडावर ल्योवाचं नाव होतं आणि नावाच्या वर दोन पंजे कोरलेले. कोहेन आशीर्वाद देताना धरतात तसे, अंगठ्याला अंगठा भिडवून.

"हे... हे कुणी कोरायला सांगितलं?"

"मी. तुझाच ना तो?"

नौमला रडू फुटलं. नियमाप्रमाणे आता क्षणभरही थांबायचं नव्हतं. तो तिच्याजवळ गवतात बसला.