वजाबाकी न केलेला आकडा

आमच्या शोरूममध्ये त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला वजाबाकी म्हणत. तो पुढे टाय लावून गाड्या विकायचा, मी मागे वर्कशॉपमध्ये हात काळे करायचो, पण बावीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर जेवलो. गाड्या विकणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. हा एकटा अपवाद होता, आणि म्हणूनच त्याच्यावरचा माझा राग अजून जात नाही.

गिऱ्हाइकाने "अॅव्हरेज किती देते?" विचारलं की तो म्हणायचा, "कंपनी वीस म्हणते. चार वजा करा. एसी लावणार असाल तर अजून एक." साहेबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पण गिऱ्हाईक दुसरी गाडी घ्यायला परत त्याच्याकडेच यायचं. हे चार तो हवेतून काढत नसे. नवीन मॉडेल आलं की रविवारी टाकी काठोकाठ भरायची, डिकीत पेट्रोलचा एक कॅन ठेवायचा आणि गाडी आचके देऊन बंद पडेपर्यंत चालवायची. मग रस्त्याच्या कडेला कॅन ओतून परत. स्वतः मोजलं तेवढंच वजा करायचं, अंदाजाने एकही नाही, असा त्याचा नियम होता.

"लग्न ठरवताना उंचीतूनही वजा केलं होतंस का रे?" मी एकदा विचारलं.

"केलं होतं. बायको म्हणाली, अजून दोन बोटं कर."

मग विजेच्या गाड्या आल्या. कागदावर छापलेलं होतं, एका चार्जमध्ये चारशे वीस किलोमीटर. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की हा आकडा चाचणीतला आहे. आता याचं खरंखोटं करायचं कसं? वीज काही कॅनमध्ये भरून डिकीत ठेवता येत नाही. त्यातून नवीन साहेबांनी बजावलं, कागदावर आहे तेवढंच बोलायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे स्वतःचा आकडा नव्हता. गिऱ्हाइकांना तो म्हणायचा, "कागदावर चारशे वीस आहे," आणि गप्प बसायचा.

त्याची धाकटी बहीण डोंगरापलीकडच्या गावात राहायची, इथून दोनशे नव्वद किलोमीटरवर. आई तिच्याकडे होती. आईला फुप्फुसांच्या दुखण्यासाठी दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध घ्यायला आमच्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये यावं लागे. परत जाताना पेट्रोलच्या वासाने आणि इंजिनाच्या थरथरीने ती वाटभर ओकायची. म्हणून त्यानेच सुचवलं, विजेची गाडी घ्या.

आई घाबरली. "खाली बॅटरी पेटली तर रे?"

अख्खी दुपार त्याने त्यावर घालवली. मला गाडी रॅम्पवर चढवायला लावली, आईला खुर्ची आणून दिली आणि खालून बॅटरीचा जाड पत्रा दाखवला. "आई, आजवर आपण पेट्रोलच्या टाकीवर बसूनच फिरलो ना? पेटायचं तर तेही पेटतं. ही गरम झाली तर आधी सांगते तरी." आई एकदाची हसली. तेवढ्यात बहिणीने विचारलं, "दादा, एका चार्जमध्ये जाते किती?"

"चारशे वीस," तो म्हणाला, आणि पुन्हा आईला पत्रा दाखवायला लागला.

मी रॅम्पखाली होतो. 'वजा करा' ऐकू येईल म्हणून मी थांबलो. ते आलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. याची मला लाज वाटते.

बहीण धरून चालली की दादाचा आकडा म्हणजे वजा करूनच आलेला. घरच्यांना तो कायम तसाच सांगायचा. तो धरून चालला की कागदावरच्या आकड्यांचं आपण काय करतो, ते हिला ठाऊक आहे.

उन्हाळाभर गाडी छान चालली. आईने वाटेत बिस्किट खाल्लं, हे तो आठवडाभर सगळ्यांना सांगत होता. मग थंडी पडली. औषध घेऊन परत जाताना अर्ध्या वाटेवरच्या चार्जिंग स्टेशनपाशी पडद्यावर एकशे सत्तर किलोमीटर शिल्लक होते आणि जायचं होतं एकशे तीस. बहीण चार्ज न करताच पुढे निघाली. पेट्रोलची गाडी लाल दिवा लागल्यावरही खुशाल पळवण्यात तिचं आयुष्य गेलेलं. पुढे चढ होता, समोरून वारा होता आणि आईसाठी हीटर चालू होता. आकडा भराभर उतरू लागला. चाळीसवर तिने हीटर बंद केला. खिंडीच्या अलीकडे, भर दुपारी, गाडी थांबली.

ओढून न्यायला माणसं यायला साडेचार तास लागले. एक्याऐंशीची आई बहिणीच्या कोटात गुंडाळून बसली होती. गाडीला काही झालं नाही. धूर नाही, ठिणगी नाही. दुपारभर त्याने जे समजावलं होतं, ते सगळं खरं ठरलं. आईची छाती भरली आणि अकराव्या दिवशी हॉस्पिटलमध्येच तिने प्राण सोडला.

डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, फुप्फुसं आधीच संपली होती, थंडी लागली नसती तरी फार तर दोन-तीन आठवडे. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. बहीण तेव्हा आत, आईपाशी होती.

महिन्याभराने तशाच थंडीत त्याने ती गाडी त्याच रस्त्याला घातली, पूर्ण चार्ज करून, हीटर लावून. दोर घेऊन मी दुसऱ्या गाडीत मागे होतो. दोनशे बहात्तरला ती थांबली. उतरून तो चाकाला टेकून रडला. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगू लागला, थंडीत, चढावर, एकशे अठ्ठेचाळीस वजा करा. आठवड्याच्या आत साहेबांनी त्याला मागच्या खोलीत कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं.

बहीण त्याला एका शब्दाने टोचून बोलली नव्हती. डॉक्टरांचं म्हणणं तिला सांगायचा त्याला धीर होत नव्हता. शेवटी एकदा जेवता जेवता त्याने फोन लावला आणि स्पीकर चालू केला, मी साक्षीला असावा म्हणून असेल. डॉक्टर काय म्हणाले, ते शब्दन् शब्द सांगितलं.

ती म्हणाली, "दादा, यातून किती वजा करू?"

"काही नको गं. आहे तसंच आहे."

"चारशे वीसही आहे तसंच होतं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

मी साक्षीला होतो. मला तिने काही विचारलं नाही.