विसळलेल्या काड्या

पेला कितीही लख्ख घासलेला असो, पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी तो विसळायचाच, अशी आमच्या घरची रीत. आईने ती माझ्या हातात इतकी मुरवली, की शहाद्याला दातांच्या मॅडमकडे मदतनीस म्हणून लागले तेव्हा ती सवयही माझ्यासोबत दवाखान्यात शिरली. पहिल्याच महिन्यात तिने माझं नाक कापलं.

त्या दिवशी खुर्चीत धडगावकडची एक बाई होती. दाढ किडून तिचा गाल टम्म फुगला होता, महिनाभर ती एकाच बाजूने भाकर चावत होती. दोनदा घाट उतरून, जीपमध्ये दाटीवाटीने बसून ती आली होती आणि दाढेची मुळं आतून साफ झाली होती. आता ती भरून बंद केली की सुटली बिचारी. भरायला रबरासारख्या बारीक काड्या असतात. बाकीची हत्यारं वाफेच्या यंत्रात निर्जंतुक होतात, पण या काड्यांना ती उष्णता सोसत नाही. म्हणून चिमट्याने धरून त्या मिनिटभर औषधात बुडवायच्या, मग सीलबंद बाटलीतल्या सलाइनने धुवायच्या आणि मॅडमसमोर ठेवायच्या. एवढंच माझं काम.

औषधाला वास कसला, तर कपडे पांढरे करायच्या पावडरीसारखा. हे माणसाच्या तोंडात घालायचं? सलाइनच्या चार थेंबांनी तो थोडाच जाणार होता! मॅडम एक्स-रे बघायला वळल्या आणि मी काड्या चांगल्या बोटांत धरून नळाखाली खळखळून विसळल्या. वर स्वतःवरच खूश झाले.

मॅडम परतल्या. दिवा सरकवताना त्यांच्या हातमोज्याचं टोक दिव्याला लागलं. नुसतं लागलं, तरी त्यांनी मोजे काढून टाकले आणि नवे चढवले. दिव्याला लागलेलं बोट चालत नाही, तर आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी कसं चालेल? काडी दाढेच्या तोंडाशी पोचली होती. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण दाढ बंद झाली असती, आत जंतू राहिले असते, आणि पुन्हा गाल सुजला असता तो तिकडे डोंगरात, त्या बाईचा.

"मॅडम, मन्हाकडथून चूक व्हयनी," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. आता नोकरी गेली असंच मी धरून चालले होते.

मॅडमनी काडी टाकून दिली. बाईला सरळ सांगितलं, की हिने काड्या नळाखाली धुतल्या, आता नव्या घ्याव्या लागतील, काडी दाढेला लागली असेल म्हणून मुळंही पुन्हा धुवावी लागतील, तुमची जीप चुकेल. बाईने माझ्याकडे बघितलं. "पोरगी खरी बोलली," ती म्हणाली. "मी बसते. जीप दुसरी मिळंल."

मॅडमनी मलाच पुन्हा चिमटा दिला. घड्याळाकडे बघत मी मिनिट मोजलं आणि काड्या सलाइनने धुतल्या. त्या दोघींचे उपकार मी आजही विसरलेले नाही. एकीने मला पुन्हा काम दिलं, दुसरीने त्याच हाताखाली आपला जबडा दिला.

दाढेवर टोपी, म्हणजे कॅप, बसल्यावर कितीतरी महिन्यांनी ती बाई सहज दवाखान्यात डोकावली. पदरात घरच्या आमचुराची, म्हणजे वाळवलेल्या कैरीच्या फोडींची, पुरचुंडी होती, ती तिने माझ्या हातात ठेवली. मी पाणी द्यायला पेला घेतला आणि सवयीने विसळायला लागले.

"पेला धू," ती हसत म्हणाली, "काडी नको धू." मग पुरचुंडीतली एक वाळकी फोड तिने त्याच दाढेखाली धरली आणि माझ्याकडे बघत निवांत चावली.