थोरल्या साडूंची हिरवी चादर

माणसाच्या हसण्यात किती पाणी आहे हे नुसत्या नजरेने सांगणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच होता, आणि माझ्या दैवाने तो माझा थोरला साडू निघाला. आष्टी तालुक्यात, कड्याच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथल्या सहकारी दूध सोसायटीचे ते सचिव, म्हणून सगळं गाव त्यांना ‘शेकेटरी’ म्हणे. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या किटल्यांत दूध मोजायची काचेची नळी सोडायची आणि ती किती डिग्री बुडते हे डोळे बारीक करून बघायचं, यात त्यांची उमर गेली. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू त्यांना शेवटी दूधच वाटायची. पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की म्हणत, “पावडरचं होतं.” कीर्तन आवडलं तर, “बुवांनी साय बरी धरली.” लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, नव्या जावयाला शोभेल असं हसलो. त्यांनी माझ्याकडे मिनिटभर निरखून पाहिलं आणि भरल्या बैठकीत निकाल दिला, “पाव्हणं, तुमच्या हसण्यात पाणी हाय.” तेव्हापासून त्यांच्यासमोर हसायचं म्हटलं की मी आधी मनाची तयारी करत असे.

दुधाखालोखाल त्यांचा जीव कॅमेऱ्यात होता. नगरचा एक जुना स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांनी तिथला लाकडी कॅमेरा उचलून आणला. उचलून हा शब्द मी सवयीने वापरला. तो उचलायला दोन माणसं लागायची. कातडी भाता, पितळी तोंड, तीन पायांची घोडी आणि वर काळं कापड. त्यात एका वेळी एकच फिल्म बसे, पत्त्याच्या पानापेक्षा जरा मोठी. ती काढून दुधाच्या गाडीबरोबर बीडला धुवायला जायची आणि चार दिवसांनी गाडीबरोबरच फोटो परत यायचा. फोटो काढताना साडू पितळी तोंडावरचं झाकण काढत, मोठ्याने अंक म्हणत आणि पुन्हा झाकण लावत. तोवर श्वास धरायचा. कुणी म्हटलं, अवो शेकेटरी, आता हलके कॅमेरे निघालेत, खिशात बसतात, तर त्यांचा चेहरा नासल्या दुधासारखा होई. “हलकं ते पातळ,” ते म्हणत, “नळी खोटं बोलत न्हाई.” पाणी घातलेलं दूध हलकं भरतं, हा त्यांच्या नळीचा सिद्धांत त्यांनी कॅमेऱ्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना लावून टाकला होता.

आणि या कॅमेऱ्याइतकीच महत्त्वाची होती ती चादर. हिरवीगार, तिच्यावर वेलबुट्टी आणि मधूनमधून टपोरी पानं. घरचा कुठलाही फोटो त्या चादरीपुढेच निघायचा. कारण साडूंच्या अंगणातून मागे पाहिलं की नजर अडवायला काही नव्हतं. तीन वर्षांतून दोन वर्षं काळं रान, कोरडी विहीर आणि टँकरची वाट बघत मांडलेल्या घागरी. “हे मागं आलं तर पोरं म्हातारपणी बघून म्हनतील, आमी वाळवंटात जन्मलो,” असं त्यांचं म्हणणं. सरकारने दुष्काळ जाहीर करो न करो, साडूंनी फोटोपुरता तो कायमचा रद्द केला होता. चादर बांधायला अंगणात दोन लिंब होते. कॅमेरा आला त्याच वर्षीच्या दुष्काळात त्यातला एक वाळून गेला. जमिनीखाली वीतभरावर खडक, त्यामुळे खुंटा ठोकायची सोय नाही. मग चादरीचं एक टोक उरलेल्या लिंबाला आणि दुसरं माझ्या थोरल्या मेहुणीच्या, म्हणजे अक्कांच्या हातात, अशी व्यवस्था झाली. चादरीमागे उभं राहून कड दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि साडूंचा आवाज आला की ओढायची. “ताण जरा!” साडू काळ्या कापडातून ओरडत. चादर ताठ होई. “हां, आता सैल सोडू नगंस.” अक्का अठरा वर्षं त्या लिंबाच्या जागी उभ्या होत्या.

त्या काळ्या कापडात साडू एकदा शिरले की कधी बाहेर येतील याचा नेम नसे. एका उन्हाळ्यात भाचीच्या बारशाला आम्ही सगळे ओळीने उभे होतो. साडू कापडात गेले, “श्वास धरा” म्हणाले आणि मग काहीच म्हणाले नाहीत. आम्ही धरला, सोडला, परत धरला. पोरं रडायला लागली. शेवटी मी कापड वर केलं तर ते घोडीला टेकून गाढ झोपलेले. म्हणाले, “गावात सावली म्हनून हीच उरलीय, पाव्हणं.” आमच्या सासूबाईंचा फोटो काढताना तर त्यांनी कहरच केला. म्हातारी नवं लुगडं नेसून, दात नसलेलं तोंड उघडून छान हसत होती. साडूंनी कापडातून डोकं काढलं आणि म्हणाले, “आत्याबाई, फॅट कमी पडतंय.” सासूबाई उसळल्या, “जावईबापू, मी काय म्हस हाय का?” त्याच क्षणी यांनी झाकण काढलं. तो संतापलेला फोटो आजही आमच्या घरात आहे आणि सासूबाई होत्या तशा त्या एकट्या फोटोतच दिसतात, हे मला मान्य करावं लागतं.

गोष्टीला वळण लागलं ते त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नात. घाटनांदूरचं स्थळ. पाठवणीच्या आधी पोरगी बापाला म्हणाली, “अण्णा, आईचा एक फोटू द्या मला, नेते.” साडू ऐटीत आत गेले, पत्र्याची पेटी आणली आणि मांडवात उघडली. आम्ही सगळे भोवती बसून शोधायला लागलो. पेटीत आम्ही सगळे होतो. आमची पोरं होती, सोसायटीचं संचालक मंडळ होतं, चारा छावणीत पाठवण्याआधी लेकीच्या मांडीवर तोंड टेकवलेला साडूंचा खिल्लारी बैल होता, दूध तपासायचं यंत्रसुद्धा होतं, हिरव्या चादरीपुढे, हार घालून. अक्का कुठेच नव्हत्या. प्रत्येक फोटोत उजव्या कडेला, चादर धरलेली फक्त चार बोटं. काही फोटोंत तर तीही साडूंनी कात्रीने छाटलेली, कड सरळ दिसावी म्हणून. माझी बायको, अक्कांची धाकटी बहीण, फणकाऱ्याने म्हणाली, “दाजी, बैल घावला, माझी अक्का घावंना!”  पोरीने त्यातला एक फोटो उचलला, ज्यात बोटं जरा ठळक होती, आणि पदराआड धरून ती गाडीत बसली. मी साडूंकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कशाची तरी डिग्री सांगता येत नव्हती.

पोरगी दिवाळसणाला येईल तेव्हा तिच्या हातात आईचा फोटो ठेवायचाच, असं साडूंनी ठरवलं. त्यासाठी मला बीडहून बोलावून घेतलं. काम एवढंच, की अक्कांऐवजी चादर मी धरायची. अक्कांना खुर्चीत बसवलं. साडू कापडात शिरले. पण चादर वाऱ्याने जराशी फडफडली की अक्का मान वळवून मागे बघत. “पाव्हण्यांनी सैल धरलंय, अवो,” त्या म्हणत. “तू म्होरं बघ!” साडू कापडातून खेकसत. त्यांचे अंक चालू असेपर्यंत अक्कांनी दोनदा मागे बघितलं. चार दिवसांनी गाडीबरोबर फोटो आला त्यात अक्कांना दोन नाकं होती आणि कान एकही नव्हता. पुढच्या खेपेला तर चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं आलं. एरवी साडूंनी बसणाऱ्यालाच दोष दिला असता. या वेळी ते लाकडी कॅमेऱ्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, “ह्याला लई वेळ लागतो, पाव्हणं. तेवढा वेळ ती कधी बसलीच न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दूध गेल्यावर त्यांनी कॅमेरा एसटीच्या टपावर चढवला आणि नगरला गेले. संध्याकाळी परतले ते मोकळ्या हातांनी. खिशातून त्यांनी साबणाच्या वडीएवढा काळा कॅमेरा काढला आणि ओट्यावर ठेवला. सगळ्यांना सांगितलं, पाठीत चमक भरते, डॉक्टरने वजन उचलू नको म्हटलंय. कुठल्या डॉक्टरने, हे कुणी विचारलं नाही. हलकं ते पातळ म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने हलकं आणलं होतं, एवढं गावाला पुरेसं होतं. सोसायटीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. साडूंचा मात्र त्या वडीवर विश्वास बसेना. नगरहून वाचवून आणलेलं काळं कापड ते डोक्यावर घेत आणि त्यात तो एवढासा कॅमेरा डोळ्याला लावून बसत. बटण दाबल्यावरही सवयीने अंक मोजत.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. दिवाळी तोंडावर आली तरी रान उघडंच, आणि सोसायटीत दोन कॅन भरायची मारामार. अशात एका सकाळी साडूंनी परत डाव मांडला. या खेपेला त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. म्हणाले, “ह्यो तुमाला बी जमंल. नुस्तं बटन हाय.” आणि चादरीमागे स्वतः जाऊन उभे राहिले. त्यांचं कारण बिनतोड होतं: परक्याने धरली तर अक्का मागे बघणार, नवऱ्याने धरली तर बघणार नाहीत. चादर सोडून फोटो काढू, असं मी सुचवून पाहिलं. चादरीमागून आवाज आला, “कशापायी? लेकीच्या सासरी दुष्काळ पाठवायचा का?”

अक्का खुर्चीत बसल्या. मागे बघत नव्हत्या हे खरं, पण दुसरीच अडचण निघाली. हात त्यांनी आधी मांडीवर ठेवले, मग पदरात गुंडाळले, मग खुर्चीच्या दांड्यांवर टाकले. शेवटी अगदी काकुळतीला येऊन मला म्हणाल्या, “भावजी, हात कुठं ठिवू मी? मला न्हाई जमायचं हे. तुमी बैलाचा काढा परत.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.  अठरा वर्षं ज्या हातांना एकच काम होतं, त्यांना रिकामं कसं बसायचं हे मला तरी कुठे माहीत होतं? तेवढ्यात साडूंना चादरीला झोळ आलेला दिसला. चादर आपल्याच हातात आहे याचं त्यांना भान राहिलं नाही. नेहमीच्या आवाजात ते ओरडले, “ताण जरा!”

आणि खुर्चीत बसलेल्या अक्कांचे दोन्ही हात आपोआप वर गेले, मुठी घट्ट आवळून, हवेत. क्षणभर त्या तशाच बसल्या. मग आपल्या रिकाम्या मुठींकडे बघून त्यांना जे हसू फुटलं, ते मी त्याआधी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. काय झालं म्हणून साडूंनी चादर हिसडली. लिंबाची गाठ सुटली आणि अख्खी चादर त्यांच्या डोक्यावर येऊन पडली. मी घाबरून बटण दाबलं.

फोटो आला तेव्हा सगळं घर दूध सोसायटीच्या ओट्यावर जमलं. अक्का मधोमध, हात वर, तोंडभर हसणाऱ्या. मागे सगळं लख्ख: फाटलेलं रान, विहीर, ओळीने रिकाम्या घागरी. बाजूला हिरव्या चादरीचं एक उभं गाठोडं, कडेला बोटं. साडूंनी फोटो उजेडात धरला, डोळे बारीक केले. आम्ही निकालाची वाट बघत होतो. मग म्हणाले, “पानी न्हाई ह्यात. थेंब न्हाई.” ते मागच्या रानाबद्दल बोलले की अक्कांच्या हसण्याबद्दल, हे आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही. पोरगी दिवाळीला आली आणि फोटो घेऊन गेली.

पुढे सोसायटीला बरे दिवस आले, परत वाईट आले. हलक्या कॅमेऱ्याने साडूंनी रिळांवर रिळं संपवली, पण अक्कांनी परत फोटोला बसायचं नाव काढलं नाही. एकदा हसले तेवढं पुरे, म्हणायच्या. त्या गेल्या तेव्हा तेराव्याला पाटावर ठेवायला पोरीने घाटनांदूरहून तोच फोटो आणला. दुसरा नव्हताच. भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तो हातात घेऊन बघितला आणि हार बाजूला ठेवला. “शेकेटरी, ह्यात तुमी बी हाय की. जित्या मान्साच्या फोटूला हार घालत न्हाईत. बीडला पाठवा, तेवढं कापून आनतील.”

साडू पाटासमोर बसले होते.  त्यांनी फोटो मागून घेतला आणि चादरीच्या गाठोड्याच्या कडेला, जिथून चार बोटं बाहेर आली होती, तिथे बोट ठेवलं.

“कापायचं न्हाई,” ते म्हणाले. “मी कुठं हाय ह्यात? नुस्ती बोटं हायत माजी.”

 पोरीने फोटो पाटावर ठेवून हार घातला, आणि बापाची बोटं झाकली जाऊ नयेत म्हणून तो थोडा बाजूला सरकवला.