आमच्या ओट्यावरचा मोबाइल

लहान पोरं सांभाळणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. दुपारभर ओट्यावर बसलं की संध्याकाळपर्यंत ते आपोआप मांडीवर येऊन बसतात.

मी अकोल्याच्या जुन्या शहरात राहतो. सून सुनीता बाजारात भाजी विकते. तिची परी शाळेतून आली की माझ्याजवळ असते, आणि शेजारचा सोहमही. माझं शिक्षण थोडं, पोरांना सांगण्यासारख्या गोष्टी मला येत नाहीत. म्हणून मी मोबाइल लावून देतो.

सुनेनं बजावलं होतं, "मामाजी, पोरगी बिघडली तं मी तिले अमरावतीले माह्या मायजवळ ठेवीन."

परी गेली तर या घरात बोलायला कोण उरेल? आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी गप्पच असतो. म्हणून सुरुवातीला मी चांगलंच तेवढं दाखवायचो.

* * *

पाखरांना पाणी ठेवायचा एक व्हिडिओ होता. पोरांना फार आवडला. तो बघून झाला आणि मी जरा आडवा झालो.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. आला की घरोघरी ड्रम भरून ठेवतात. उठून बघतो तर गल्लीतल्या पायरीपायरीवर वाट्या, गंज, तपेली, सगळी काठोकाठ भरलेली. सोहमच्या आईचा ड्रम तळाला गेला होता.

ती म्हणाली, "पाखरं आंघोळ करून राह्यले, आबाजी. आता आमी काय चोचीनं पाणी प्यावं?"

सुनीता मात्र खूश झाली. "दयाळू आहे माही पोरगी," म्हणाली. मलाही बरं वाटलं.

* * *

मग गरिबांना मदत करणाऱ्यांचे व्हिडिओ आले. त्यात एक जण देतो, दुसरा शूट करतो.

मंदिराच्या पायरीवर एक बुढी बसते. एकदा मी पोरांना तिकडे घेऊन गेलो, तेव्हा परीनं तिला केळं दिलं. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि केळं सोललं. तेवढ्यात माझा मोबाइल हातात धरलेला सोहम म्हणाला, "आजी, केळं वापस द्या. बटन दबलंच नवतं."

तिनं सोललेलं केळं निमूट परत दिलं. परीनं ते पुन्हा दिलं. मग सोहमला उजेड कमी वाटला. केळं पुन्हा परत.

शेवटी बुढी माझ्याकडे बघून म्हणाली, "बुवा, खाऊ का आता? भूक लागली मले."

मी मोबाइल खिशात घातला. त्या दिवसापासून मी त्या देवळापुढून जात नाही, मागच्या गल्लीनं जातो.

* * *

भलेपणाचे व्हिडिओ मी बंद केले. वाटलं, नुसती गंमत बरी.

त्यात एक जण दुसऱ्याच्या डोक्यात टपली मारतो, झोपलेल्यावर पाणी ओततो, बसणाऱ्याची खुर्ची ओढतो. बाकीचे खदाखदा हसतात. खोटं कशाला बोलू, मीही हसायचो. एरवी मी फार हसणारा माणूस नाही. मी हसलो की परी आधी माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग हसायची.

एका दुपारी सोहमनं परीच्या पाठीत लाथ घातली. ती रडायला लागली.

"काऊन मारलं रे तिले?"

"मारलं नाई, आबा. प्रँक केला. तिले सांगा ना, याच्यात रडाचं नसते."

दोघं शांत व्हावीत म्हणून मी पुढचा व्हिडिओ लावला.

* * *

परवा माझी बायको ओट्यावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. पदर झटकायला उठली आणि परत बसायला गेली. परीनं मागून स्टूल ओढलं.

ती हातावर पडली. शेंगा ओटाभर झाल्या. मनगट बघता बघता सुजलं. मी तिला धरायला धावलो. परी स्टूल घेऊन माझ्याकडे बघत उभी होती.

तेवढ्यात सुनीता बाजारातून आली. डोक्यावरचं टोपलं तिनं तसंच खाली टाकलं.

"आई! काय झालं? कोनी पाडलं?"

"कोनी नाई व बाई. पाय घसरला माहा," बायको ओठ दाबून म्हणाली.

मी मान खाली घातली. परीला ते काही पटलं नाही.

"नाई मम्मी, मीनं पाडलं," ती म्हणाली. "पण आबा हासलेच नाई."