मच्छिंद्रची फणी

खुटबावात आमच्या मच्छिंद्रला सुतार कुणी म्हणत नाही. घरानं शेतकरी, नोकरीनं कारखान्यातला कामगार आणि वेडानं सुतार! शिफ्ट संपवून आला की उभ्याउभ्या चहा पितो आणि थेट गोठ्यात शिरतो. म्हशी विकल्यावर तिथं त्यानं लाकूड चिरायचं टेबलवालं मशीन आणून बसवलं. मधोमध फिरतं गोल ब्लेड, बाजूला फळी टेकवायला सरळ पट्टी, तिला आम्ही गाइड म्हणतो. गावातल्या निम्म्या घरांत त्याच्या हातचे पाट आहेत. कुणी कौतुक केलं की हा गडी लाजतो आणि लगेच पुढचा पाट करायला घेतो. असल्याला आवरणार कोण?

आवरणारी एकच, त्याची बायको सविता वहिनी. मच्छिंद्रच्या डाव्या हाताची दोन बोटं पूर्वी एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली. तेव्हा वहिनींनी त्याला लहान पोरासारखं भरवलं होतं. ते त्या विसरलेल्या नाहीत. तो मात्र पार विसरला, आणि मला त्याचा हाच राग येतो.

गेल्या महिन्यात फळी चिरता चिरता गाइडपासून सुटली. ब्लेडनं तिला धरलं आणि बाणासारखी मागं भिरकावली. मच्छिंद्रच्या कमरेजवळून जाऊन ती भिंतीच्या पत्र्यात घुसली. वहिनी धावत आल्या, पत्र्याचं भोक बघितलं आणि गोठ्याचा फ्यूज काढून घेऊन गेल्या. कोरेगाव भीमाला हायवेवर जुन्या मशिनरीचा धंदा करणाऱ्या पोपटरावांना त्यांनी फोन लावला. रविवारी टेम्पो घेऊन या म्हणाल्या. मच्छिंद्रनं हातापाया पडून बघितलं, पण वहिनींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गुरुवारी संध्याकाळी हा पठ्ठ्या माझ्या दारात हजर. हातात मोबाईल, डोळे हे एवढे मोठे.

"दत्ता, वाचलो की रं! ह्ये बघ!"

बघितलं. एक फळी, तिची एक कड तिरकी कापलेली आणि त्या कडेला ओळीनं चिरा पाडलेल्या. फेदरबोर्ड म्हणतात म्हणे. मी म्हटलं, ही तर फणी! पण तिचं काम कळलं आणि माझ्याही अंगात आलं. ही फणी टेबलावर पक्की बसवायची. तिचे दात चिरायच्या फळीला गाइडकडं दाबून धरतात. फळी पुढं जाताना दात वाकून वाट देतात, पण ती मागं यायला लागली की तेच दात तिच्यात रुततात. म्हणजे बाण सुटायची भीतीच कमी! साधी लाकडाची फणी, आणि केवढी अक्कल तिच्यात!

बाजारात लोहचुंबकानं चिकटणारी फणी मिळते. पण मच्छिंद्रच्या मशीनचं टेबल ॲल्युमिनियमचं. त्याला लोहचुंबक काय चिकटणार, कपाळ? तेव्हा घरीच करायची ठरली. लाकूड कुठलं, याचा आम्ही विचारसुद्धा केला नाही. आमच्या भागात जे तुटायला नको ते बाभळीचं. गाडीचं चाक बाभळीचं, कुळवाचं जाड आडवं लाकूड, म्हणजे दिंड, तेही बाभळीचं, मग फणी कशाची असणार? फ्यूज नाही, तेव्हा शुक्रवारभर हातकरवतीनं आळीपाळीनं बाभूळ कापली. तळहाताला फोड आले, पण हौसेला मोल नाही.

शनिवारी फणी बसवली आणि फळी ढकलली. फळी जागची हलेना. मच्छिंद्रनं खांदा लावला, तरी हलेना. दात कसले, खुंटे होते ते! बोल्ट सैल केले तर फणी फळीला शिवेना, आवळले तर फळी गच्च. पोपटराव उद्या येणार आणि आम्ही दोघं शहाणे गव्हाणीवर तोंडं पाडून बसलेलो. मला तर रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात मच्छिंद्रनं कपाळावर हात मारला.

"आरं, आपुन गाडी वढतुय व्हय? हिला ताकद कशाला? हिला वाकाय पायजे!"

उठला तो माळ्यावर चढला आणि जुन्या चौकटीचा सागवानी तुकडा घेऊन आला. लाकडाची रेषा सरळ, गाठ एकही नाही. दात रेषेच्या दिशेनंच पाडले, आडवे पडले असते तर कटाकट मोडले असते. या खेपेला दात बारीक ठेवले. बोटानं दाबला की दात वाकायचा, सोडला की टुणकन जागेवर. आम्ही दोघं अक्षरशः नाचलो! टेबलाच्या खाचेत लाकडी पट्टी सरकवून दोन बोल्टांनी फणी आवळली, ती ब्लेडच्या अलीकडं. ब्लेडच्या अगदी शेजारी दाबलं तर चीर मिटते, ब्लेड अडकतं आणि पुन्हा तोच बाण.

रविवारी सकाळी टेम्पो दारात लागला. पोपटराव उतरले.

"मच्छिंद्रशेठ, कुठं हाय मशीन? उचलायचं ना?"

"थांबा वाईच," मच्छिंद्र म्हणाला आणि त्यानं वहिनींना हाक मारली. फणी आणि गाइडच्या मधून फळी बोटभर पुढं ढकलून दाखवली. "आता तू मागं वढ."

वहिनी लहानपणी बापाची मेंढरं राखलेल्या, उधळलेला मेंढा शिंगाला धरून थांबवणाऱ्या. त्यांनी पदर खोचला, टेबलाला पाय लावला आणि ओढली. फळी हलली नाही. पुन्हा ओढली, चेहरा लाल झाला, फळी तिथंच. पोपटराव "वा रं गड्या!" म्हणाले. माझी छाती अशी फुगली की जणू फणी मीच शोधली.

वहिनी आत गेल्या, फ्यूज घेऊन आल्या आणि स्वतःच्या हातानं लावला. मच्छिंद्र आनंदानं पुढं झाला.

"तुम्ही सरा मागं," वहिनी म्हणाल्या. "पयली फळी मी चिरणार."

मशीन घुमायला लागलं. वहिनी काठीनं फळी पुढं सारू लागल्या. दात सुरेख वाकत होते, फळी लोण्यासारखी चिरली जात होती. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मच्छिंद्र किंचाळला, "सविता, हात! हात काढ!" आणि झडप घालून त्यानं स्विच बंद केलं.

वहिनींचा हात ब्लेडपासून वीतभर लांब होता. मच्छिंद्र मात्र घामानं डबडबला होता. त्याला मी असा कधीच बघितला नव्हता.

"काय झालं वरडायला?" वहिनींनी विचारलं. "फणी हाय की."

"व्हय, पर... तुजी बोटं..." मग तो पोपटरावांकडं वळला. "पोपटराव, न्या मशीन. उचला."

पोपटराव माझ्याकडं बघतात, मी वहिनींकडं. वहिनींनी मच्छिंद्रचा तीन बोटांचा हात आपल्या हातात घेतला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला रोज आसंच व्हत व्हतं. आता तुमालाबी भ्या वाटाया लागलं, म्हंजी हात जपाल. आता मशीन हितंच ऱ्हाऊ द्या."