आधी जवान, मग सुभेदार

फौजेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी सुभेदार घरच्या पंगतीत वाढपी असत. सुना-नातवंडांना आधी बसवत आणि स्वतः सगळ्यात शेवटी जेवत. मी हटकलं, की मिशीत हसत, "फौजेत आधी जवान जेवते, मंग सुभेदार. तुह्या पोटात काऊन दुखून राह्यलं बे?"

परवा त्यांची तेरवी झाली. रिवाजाप्रमाणे आम्ही पुरुष पहिल्या पंगतीला बसलो. तेवढ्यात त्यांच्या मोठ्या मुलानं वरणाची बादली खाली ठेवून हात जोडले. "काका, उठा जरा. आधी रांधणाऱ्या बाया बसतीन."

कुरकुर झाली, पण सर्वांत आधी मीच उठलो. माझ्या जागेवर सुभेदारांची बायको ताठ मानेनं येऊन बसली. दोन्ही सुनांना तिनं शेजारी ओढलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वाढ बाबू, जवान बसले!"